हसरा गुडघा

जपानहून परतून अकरा दिवस झाले. माझ्या उजव्या गुडघ्यावर अजून पोस्टकार्डाएवढा एक गुळगुळीत चौकोन आहे. तिथले केस कुमानोच्या डोंगरात राहिले. बाकीचे यात्रेकरू तिथे पाप ठेवून येतात म्हणे.

थोडक्यात सांगतो. कुमानो कोदो म्हणजे क्योतोच्या दक्षिणेला, किई द्वीपकल्पाच्या डोंगरांतून जाणाऱ्या यात्रेच्या वाटा. हजार वर्षं माणसं त्यावरून चालतायत, २००४ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारशात घातलं, आणि यंदा माझ्या बायकोने त्या आमच्या सुट्टीत घातल्या. ताकिजिरी ते होंगू, सुमारे ३८ किलोमीटर, तीन दिवस, सोबत वाटाड्या. सामान रोज गाडीने पुढच्या मुक्कामी जाणार, आपण नुसतं चालायचं. ‘नुसतं’ हा शब्द माहितीपत्रकातला आहे.

आम्ही आठजण होतो. त्यात डोंबिवलीचे एक काका, वय ७१, वारीचा बावीस वर्षांचा अनुभव. आळंदी-पंढरपूर अडीचशे किलोमीटर चालणाऱ्या माणसासमोर ३८ हा आकडा उच्चारायचीही चोरी. वाटाडी म्हणजे तिशीतली एक जपानी मुलगी. इतकी नम्र की मला ठेच लागली तरी आधी ती माफी मागायची.

पहिल्याच दिवशी ताकिजिरीची चढण आली. झाडांच्या मुळांच्याच पायऱ्या झालेल्या, त्याही ओल्या. दर पाचशे मीटरवर लाकडी खुंट, त्यावर आकडा. एक आला, दोन आला. होंगूला पंचाहत्तरावा येतो हे तिने सांगितलं तेव्हा मी तिसऱ्याला मिठी मारून उभा होतो. तिथेच तिने मला विनंती केली की मी रांगेत अगदी तिच्या मागे चालावं. मला वाटलं, बुद्धाच्या देशातला माणूस म्हणून मान दिला. दिवसभर मी त्या मानाने चाललो. रात्री बायको म्हणाली, “अरे, सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढे ठेवतात. म्हणजे तो हरवत नाही.”

दुसऱ्या दिवशी चिकात्सुयू गावाच्या अलीकडे ग्यूबा-दोजीची मूर्ती लागते. जेमतेम हातभर उंचीचं दगडी बाळ, एक पाय बैलावर, एक घोड्यावर. ते म्हणे काझान सम्राट, याच वाटेने यात्रेला गेलेले. सगळे फोटो काढत होते. मला मात्र त्या दोन जनावरांचा हेवा वाटत होता. तिथून गावात उतरताना माझा गुडघा गेला. ‘गेला’ म्हणजे कुठे गेला नाही, दुर्दैवाने माझ्याबरोबरच राहिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी, पंचवीस किलोमीटरच्या टप्प्याआधी, वाटाडी माझ्याजवळ आली. हातात कागद. तिने मान किंचित तिरकी केली, दातांतून ‘स्सस्’ करून हवा आत ओढली आणि म्हणाली, “आजची वाट आपल्याला... चोत्तो...”

चोत्तो म्हणजे ‘जरासं’. एवढंच. पुढे काहीच नाही. जपानी माणसाने ‘चोत्तो’ म्हणून वाक्य हवेत सोडलं की तो नकार असतो, आणि तो पूर्ण करायचं काम आपलं. आपणच आपल्याला नाही म्हणायचं, वर त्यांचे आभार मानायचे. आमच्याकडे कोणी सरळ म्हणाला असता, “साहेब, नाही जमायचं तुम्हाला,” तर मी तिथल्या तिथे “का नाही जमायचं?” म्हणून भांडलो असतो, रागाच्या भरात पाचेक किलोमीटर चाललोही असतो. पण चोत्तोशी भांडणार कसं? तिथे हात घालायला कॉलरच नाही. तो कागद म्हणजे बसचं वेळापत्रक होतं. माझी बस तिने पिवळ्या पेनाने रंगवून आणली होती. म्हणजे हा निर्णय रात्रीच झाला होता, बहुधा मी जेवणाच्या पाटावरून उठताना शेजारच्याच्या डोक्याचा आधार घेतला तेव्हा.

योजना अशी: मी बसने होंगूला जायचं, तिथून दुसऱ्या बसने होश्शिनमोन-ओजीला (ओजी म्हणजे वाटेवरचं छोटं देऊळ), आणि बाकीचे डोंगरातून चालत तिथे आले की त्यांच्याबरोबर शेवटचे सात किलोमीटर चालायचे. हाफ तिकीटच म्हणा. बायकोने जेवणाचा डबा स्वतःकडे ठेवला (“तुला गावात काहीतरी मिळेलच”), “जपून जा” म्हणाली आणि निघाली. तिच्या पायांत इतका उत्साह लग्नानंतर मी प्रथमच पाहिला.

बसथांब्यावर एक आजी बसली होती. सुरकुतलेली, नीटनेटकी, डोक्याला फुलाफुलांची टोपी, मांडीवर कापडात बांधलेलं गाठोडं. मी टेकलो तसा माझ्या पाठपिशवीचा घुंगरू वाजला. अस्वलांना चाहूल लागावी म्हणून त्या वाटेवर सगळे घंटा बांधतात. आठजणांत ती शोभते. एकट्याने बसथांब्यावर वाजली की आपण धन्याने विसरलेला नंदीबैल दिसतो. आजीने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा काठीकडे, मग बराच वेळ गुडघ्याकडे. आणि काहीतरी विचारलं.

मी फोन पुढे केला. भाषांतराला मी मराठी लावून ठेवली होती, अभिमानाने. फोन म्हणाला, “तुमचा गुडघा हसत आहे का?”

आता सांगा. माणूस गटातून काढून टाकलेला, बायको डबा घेऊन गेलेली, आणि एक अनोळखी म्हातारी विचारतेय, गुडघा हसतोय का. गुडघ्याला बाशिंग बांधलेलं ऐकलंय, गुडघ्यात अक्कल असलेली माणसं ऑफिसात रोज पाहतो, पण हसणारा गुडघा? मी जरा घुश्शातच फोनला म्हटलं, “हसत नाहीये. रडतोय.”

फोनने ते जपानीत सांगितलं आणि आजी खो-खो हसत सुटली. स्वतःच्या दोन्ही गुडघ्यांवर थापा मारून. मग तिने माझ्या हातातून फोन घेतला, दोन्ही हातांत धरला आणि पूर्वी ट्रंक कॉलवर बोलायचे तसं त्यात ओरडून बोलायला लागली. फोन एकेक वाक्य सोडत होता.

“माझाही हसायचा.”

“आता हसत नाही. आता तो गंभीर झाला आहे.”

“मी दात दाखवायला जात आहे.”

मग वयं झाली. तिने बोटांनी ८६ दाखवले. मी ५२ दाखवले. “वाकाई!” ती म्हणाली. वाकाई म्हणजे तरुण, एवढं मला ठाऊक होतं. पण सूर ‘अरेरे’चा होता.

त्यानंतर गाठोडं उघडलं. आधी एका डबीतून सुरकुतलेला लाल गोळा निघाला, उमेबोशी, त्या वाकायामा प्रांताची खासियत. मला वाटलं खजूर असेल. तोंडात टाकला आणि दोन्ही डोळे आपोआप मिटले. आपलं लिंबाचं लोणचं तीन वर्षं मुरवून त्यात वरून मुठीने मीठ घातलं तर असं काहीतरी होईल. डोळे उघडले तेव्हा आजीच्या हातात एक पांढरा चौकोन होता, वेदनेवर लावायची चिकटपट्टी, आणि ती माझ्या पँटच्या पायाकडे बोट दाखवत होती. मी नको नको म्हणत होतो. मराठीत म्हटलं, हिंदीत म्हटलं, मान तिरकी करून ‘स्सस्, चोत्तो’ सुद्धा म्हणून पाहिलं. तिच्यावर काही परिणाम नाही. म्हणजे चोत्तो फक्त आमच्यावर चालतं!

शेवटी मी भर रस्त्यावर पँट गुडघ्यावर सरकवली. आजी वाकली, पट्टीचा कागद सोलला, डाव्या हाताने माझी पोटरी घट्ट धरली, गुडघ्यावर फुंकर मारली आणि उजव्या तळव्याने ती थंडगार पट्टी अशी फाडदिशी बसवली की घुंगरू वाजला. तोही तिने सोडला नाही. टोपीतून कागदी रुमाल काढला आणि घंटेच्या जिभेभोवती गुंडाळून तिची वाचा बंद केली. मला वाटतं त्या घंटेचा तिला सुरुवातीपासूनच राग होता.

बस घड्याळाच्या काट्याला आली. मागच्या दारातून चढायचं, यंत्रातून आकड्याची चिठ्ठी घ्यायची, पुढच्या फलकावर आपल्या आकड्याखाली भाडं वाढत जाताना पाहत बसायचं, आणि उतरताना तेवढी नेमकी चिल्लर पेटीत टाकायची. आजीने माझी चिठ्ठी माझ्या हातात ठेवली आणि माझी मूठ नीट वळून दिली. मग पुढे जाऊन ड्रायव्हरला सगळी हकिकत सांगितली. ड्रायव्हरने आरशातून माझ्याकडे पाहून मान लववली आणि कानावरच्या माइकमध्ये काहीतरी बोलला. बसमधले चौघेही वळले आणि त्यांनी माझ्या गुडघ्याला नमस्कार केला. निदान त्या दिशेला तरी केला.

खिडकीतून डोंगर दिसत होता. त्या हिरव्या गर्दीत कुठेतरी माझी बायको माझा डबा खात होती. मोहरीवर्गातल्या पानाचं लोणचं करून त्यात गुंडाळलेला भाताचा गोळा, मेहारी-झुशी. मला दोन मिळणार होत्या.

खरं सांगू का, या वाटेवर कुरकुरण्याची परंपरा जुनीच आहे, ती कोणी सांगत नाही एवढंच. गो-शिराकावा सम्राट गादी सोडल्यावर तीसहून जास्त वेळा इथे आला, हे वाटाडीने दोनदा सांगितलं. पण १२०१ साली गो-तोबा या गादी सोडलेल्या सम्राटाबरोबर फुजिवारा नो तेइका नावाचा कवी आला होता. त्याने रोजनिशीत दमणूक, आजारपण, पाऊस, सगळ्याबद्दल रडगाणं लिहून ठेवलंय, आणि पुढच्या मोठ्या घाटात हा पालखीत होता. आठशे वर्षं लोक त्याला महाकवी म्हणतायत. त्याच्या हातात कोणी वेळापत्रक दिलं नाही.

आणि एक गोष्ट मला अजून खुपते. चालायची स्पर्धा नाही, यात्रा आहे, हे तीन दिवस ऐकवलं. मग मी थोडा थांबत थांबत अंधार पडायच्या आत पोचलो असतो तर बिघडलं काय असतं? हो, कदाचित अंधार पडल्यावर पोचलो असतो. पण विचारायचं तरी! पैसे चालायचे घेतले होते. हल्ली सगळ्यांच्या मनगटावर घड्याळं आहेत, ती पावलं मोजतात, ठोके मोजतात, झोप मोजतात. मंडळी देवळात पोचली की आधी मनगट बघतात, मग देव. माझ्या मनगटावर वडिलांचं जुनं चावीचं घड्याळ आहे, ते फक्त वेळ दाखवतं, आणि तीही साधारण.

असो. होंगूच्या अलीकडे आजी उतरली. उतरताना पूर्ण कमरेतून वाकली, मीही वाकलो, आणि गुडघा मनापासून हसला.

होश्शिनमोन म्हणजे बोधिचित्त, म्हणजे बोधाची ओढ, जागं होण्याचं दार. जुन्या काळी इथून होंगूचा पवित्र परिसर सुरू व्हायचा. माणसं दिवसेंदिवस डोंगर तुडवून इथे येत आणि त्यांच्या आत काहीतरी जागं होई. मी दुपारी बाराच्या सुमारास बसमधून उतरलो आणि झोपलो.

अडीच-तीनला घंटा ऐकू आल्या. सगळ्यात पुढे डोंबिवलीचे काका, कपाळावर घाम, चेहरा असा की आत्ताच कळस पाहिलाय. मला बाकावर पाहून त्यांनी हात पसरले. “या या! आलात का?” जसा मीच मागून आलो होतो. मग प्रेमाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. “मुळीच वाईट वाटून घेऊ नका. वारीतसुद्धा दिंडीमागे ट्रक असतो. त्यात भांडीकुंडी असतात, तंबू असतात, आणि अशी माणसंही असतात. पांडुरंग काही भेद करत नाही.”

‘अशी माणसं.’ भांड्यांच्या आणि तंबूंच्या रांगेत.

तेव्हा मला कळलं. रोज आमचं सामान आमच्याआधी मुक्कामी पोचायचं. त्या दिवशी त्या सामानात एक नग वाढला होता, एवढंच. फक्त बॅगांना कोणी उमेबोशी खायला घातली नाही.

वाटाडीला मी हसऱ्या गुडघ्याचं विचारलं. ती तोंडावर हात ठेवून हसली. जपानीत म्हणे असंच म्हणतात. डोंगर उतरून पाय लटलटायला लागले की गुडघे हसतात. म्हणजे आजीने चारचौघांसारखी विचारपूस केली होती आणि मी तिला “रडतोय” असं उत्तर देऊन आलो होतो. ते ती आत्ता दातांच्या डॉक्टरला सांगत असणार.

शेवटचे सात किलोमीटर मी चाललो. रांगेत पहिला. होंगूच्या देवळाच्या झेंड्यावर तीन पायांचा कावळा आहे, यातागारासू, देवाने वाट दाखवायला धाडलेला. काठी धरून मी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. त्या सगळ्या परिसरात माझी बाजू समजून घेईल असा तोच एक दिसत होता.

रात्री युनोमिनेच्या गरम झऱ्याच्या न्हाणीत उतरण्याआधी पट्टी काढणं भाग होतं. आजीने लावलेली ती. मी हळूहळू सोलत होतो, तेवढ्यात शेजारी अंग घासत बसलेले काका म्हणाले, “द्या इकडे,” आणि मी देणार की नाही याची वाट न पाहता ओढली. तो चौकोन तेव्हाचा.

निघायच्या दिवशी मी वाटाडीला बाजूला घेतलं. पाकिटातून बसच्या भाड्याचं टिपण काढलं. होंगूपर्यंतचं आणि तिथून पुढचं, दोन्ही. म्हटलं, सहलीचे पैसे मी पूर्ण भरले आहेत, त्या दिवशी अठरा किलोमीटर तुमची वाट मी वापरलेली नाही, तर निदान बसचे पैसे तरी...

तिने ते टिपण दोन्ही हातांनी घेतलं. अतिशय आदराने वाचलं. मान किंचित तिरकी केली. दातांतून हवा आत ओढली.

“चोत्तो...”