वृद्धाश्रम आणि स्वतःचं दार

वृद्धाश्रमाचा विषय निघाला की आपल्याकडे गाडी थेट संस्कारांवर येते. ‘ही पाश्चात्त्यांची थेरं’ हे वाक्य नातेवाइकांच्या ग्रुपवर मी वरचेवर वाचते. इंग्लंडमध्ये इतकी वर्षं राहून मला ते मुळीच पटत नाही.

विंचेस्टरचा सेंट क्रॉस हा जुना आश्रम बघा. हेन्री ऑफ ब्लवा या बिशपने ११३०च्या दशकात तो उभारला. अंगात कष्टाची ताकद न उरलेल्या १३ गरिबांना तिथे आसरा होता आणि रोज १०० जणांना जेवण मिळे. पुढे १४४५मध्ये कार्डिनल ब्यूफोर्टने चांगले दिवस पाहून विपन्नावस्थेला आलेल्यांचीही सोय केली. तिथे आजही वृद्ध राहतात. कुणाचा झगा काळा, त्यावर चांदीचा क्रॉस, तर कुणाचा झगा लालसर. अंगणात उभं राहिलं की उंच धुराड्यांची रांग दिसते. ज्याची त्याची शेगडी, ज्याच्या त्याच्या खोल्या. निराधार माणसालाही आपलं दार आतून लावून घेता यावं, हे पंधराव्या शतकात कुणाला तरी सुचलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

हे सगळं निरपेक्ष पुण्यकर्म होतं असं मात्र नाही. दात्यांना आपल्या आत्म्यासाठी प्रार्थना हव्या असत. १४३७मध्ये स्थापन झालेल्या इवेल्म गावच्या आश्रमात तर १३ गरिबांचं ते रोजचं कामच होतं. शिवाय पैसा आला की खाणारेही आले. एकोणिसाव्या शतकात सेंट क्रॉसचे प्रमुख असलेले लॉर्ड गिलफर्ड संस्थेचं उत्पन्न स्वतःकडे वळवत राहिले. प्रकरण कोर्टात गेलं, १८५३मध्ये निकाल त्यांच्याविरुद्ध लागला आणि पुढे कारभार विश्वस्तांकडे आला.

म्हाताऱ्या माणसांची जबाबदारी गावानेही घ्यायची असते, हे इथल्या लोकांनी असं ठेचा खात शिकून घेतलं. आपल्याकडेही हे नवं नाही. पुण्यातला ‘निवारा’ हा वृद्धाश्रम एकोणिसाव्या शतकापासून उभा आहे. तरीही २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं नाव निघालं की आपण फक्त मुलांकडून मिळणाऱ्या पोटगीबद्दल बोलतो. पण ज्यांना मुलंच नाहीत किंवा ज्यांच्या मुलांचेच खायचे वांधे आहेत, त्यांनी कुठे जायचं? त्याच कायद्याच्या १९व्या कलमात निराधार वृद्धांसाठी जिल्ह्यात किमान एक, निदान १५० जणांचा वृद्धाश्रम असावा, अशी तरतूद आहे. मात्र शब्द ‘करू शकेल’ असा आहे, त्यामुळे राज्य सरकारला पळवाट मिळते. ग्रुपवर भांडायचंच असेल तर यावर भांडूया. आपल्या जिल्ह्यात असा आश्रम आहे का? तिथे माणसाला स्वतःची खोली मिळते का? आणि त्याचे हिशेब कोण तपासतं?