भाडेकरूंचा पंचनामा कोण करणार?

बर्लिनवरचा लेख वाचला. ३,०००हून जास्त घरं असलेल्या कंपन्यांची घरं सार्वजनिक मालकीत घ्या, असा कौल तिथल्या मतदारांनी सप्टेंबर २०२१ मध्ये दिला. त्यासाठी सह्या गोळा करत फिरलेले लोक बरेचसे साधे भाडेकरूच. वाचून बळ आलं.

मी सांगलीत मारुती चौकामागे भाड्यानं राहते. ऑगस्ट २०१९ला आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा आमची खोली पंख्यापर्यंत बुडाली होती. परतलो तर डब्यातला गहू आंबलेला आणि मुलीच्या दहावीच्या पुस्तकांचा लगदा. पंचनाम्याला भाडेकरार मागितला. तो मालकांनी कधी केलाच नव्हता! पुढं भिंती रंगवल्या आणि भाडं वाढलं. आमच्या गल्लीतल्या धुणीभांडी, हमाली करणाऱ्यांची हीच गत.

आता म्हणतात, पूररेषेतून हला. हलू की, पण कामापासून किती लांब? मुंबईच्या फुटपाथवासीयांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९८५ मध्येच उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात धरलाय. निदान पावसाळ्याआधी वॉर्डावॉर्डात भाडेकरूंची यादी तरी करा. लाइट बिल मालकाच्या नावावर असलं, तरी चूल आमचीच पेटते तिथं.