गोरी सून चालते, मग काळा जावई का नाही?

"लिहू नकोस, उगाच चार घरं दुखावतील," असं आमचे हे म्हणताहेत. दुखावू देत.

आज एका डोहाळजेवणाला गेले होते. ओटी भरून झाली, पानं वाढली, आणि शेजारी बसलेल्या काकू त्यांच्या सुनेचं कौतुक करता करता माझ्याकडे वळल्या. "आमची अमेरिकन असली तरी गोरी आहे हो. नातवंडं तरी उजळ होतील. तुमच्यासारखं नाही झालं, देवाची कृपा." वर "गैरसमज करून घेऊ नका हं." गैरसमज कसला? चांगलं स्वच्छ समजलं की!

माझा जावई ब्लॅक आहे. तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, लग्नात नाचलाही आहात. 2018 मध्ये लग्नाचं लायसन्स काढायला आम्ही काउंटीच्या ऑफिसात गेलो होतो, विहीणबाईही होत्या. फॉर्मवर वंशाचा रकाना होता. लेकीचं पेन तिथे अडलं. "हे नाही लिहिलं तर?" खिडकीतली बाई म्हणाली, "तर लायसन्स नाही." लेक चिडून काहीतरी बोलणार, एवढ्यात विहीणबाई हळूच म्हणाल्या, "लिहून टाक, बाळा. माझ्या लहानपणी हा रकाना बघून लायसन्स द्यायचं की बेड्या घालायच्या ते ठरायचं."

आम्ही राहतो ते व्हर्जिनिया, म्हणून हे सांगते. याच राज्यात 1958 साली रात्री घरात शिरून शेरीफने एका जोडप्याला झोपेतून उठवलं. रिचर्ड लव्हिंग गोरा, मिल्ड्रेड काळी. वॉशिंग्टनला जाऊन रीतसर लग्न करून आलेले. भिंतीवरचं सर्टिफिकेट दाखवलं, तर म्हणे, इथे ते चालत नाही. एक वर्षाची कैद, आणि ती टाळायची असेल तर राज्य सोडा, पंचवीस वर्षं दोघांनी मिळून परत यायचं नाही. म्हणजे माहेरी जायचं तर नवऱ्याला मागे ठेवून. सणाला दोघांनी मिळून नाही, आईच्या आजारपणालाही नाही. विचार करा की जरा! आपण विमानाचं तिकीट महाग झालं तरी रडतो.

मिल्ड्रेडने 1963 मध्ये थेट रॉबर्ट केनेडींना, म्हणजे तेव्हाच्या अमेरिकेच्या अॅटर्नी जनरलना, पत्र लिहिलं. तिथून वकील मिळाले, आणि 12 जून 1967 ला सुप्रीम कोर्टाच्या नऊही न्यायाधीशांनी एकमताने निकाल दिला: वंश बघून लग्नाला बंदी घालता येणार नाही. तोवर सोळा राज्यांत असे कायदे होते.

आता काकूंसाठी खास. व्हर्जिनियाचा तो 1924 चा कायदा फक्त गोऱ्यांना राखायचा होता. गोऱ्याने गोऱ्याशीच लग्न करायचं. बाकीच्यांनी आपापसांत काय करायचं ते करा, सरकारला देणंघेणं नव्हतं. मुख्य न्यायाधीश वॉरन यांनी निकालात नेमकं यावरच बोट ठेवलं. आणि आपण त्यात कुठे? 1923 मध्येच याच कोर्टाने पंजाबातून आलेल्या भगतसिंग थिंड यांना तुम्ही 'गोरे' नाही म्हणून नागरिकत्व नाकारलं होतं, अमेरिकेच्या सैन्यात नोकरी केलेल्या माणसाला. म्हणजे 1966 साली माझ्या लेकीचं लग्न इथे बिनबोभाट लागलं असतं. तुमच्या मुलाचं अडलं असतं, काकू! तुमच्या घरात ती गोरी सून आहे ती एका काळ्या बाईच्या चिवटपणामुळे.

आणि हेच लोक एप्रिलमध्ये मंडळात बाबासाहेबांच्या फोटोला हार घालायला पुढे असतात. मिश्र विवाहाशिवाय जात मोडणार नाही, हे त्यांनी किती स्पष्ट लिहून ठेवलंय. हार घालून झाला की घरी येऊन जावयांची प्रतवारी: आधी आपल्यातला, मग दुसऱ्या जातीचा, मग गोरा, आणि सगळ्यात खाली कोण ते तुम्हीच म्हणा.

कायद्याने मनं बदलत नाहीत, मान्य. अलाबामाने राज्यघटनेतली ती बंदी काढायला 2000 साल उजाडलं आणि तेव्हाही दहातल्या चार जणांनी विरोधात मत दिलं. पण मन बदलेपर्यंत त्या दोघांनी थांबायचं होतं का?

तो रकाना मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. लेकीने शेवटी 'एशियन' लिहिलं, इतकं दाबून की खालच्या कागदावर उमटलं. जावयाने काही न बोलता आपला भरला, त्याला सवय होती. मला त्या सवयीचंच जास्त वाईट वाटलं. पुढच्याच वर्षी काही जोडपी कोर्टात गेली आणि ती सक्ती घटनाबाह्य ठरली. 2019 मध्ये! कालपरवाची गोष्ट.

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. काकू वाईट नाहीत. लेकीच्या बाळंतपणात डिंकाचे लाडू त्यांनीच पाठवले होते, हेही खरं. त्यांच्या सुनेलाही त्या घरात एकटं वाटत असेल, कोण जाणे. सगळे तिचा रंग बघतात, तिला कुणी काही विचारताना मी तरी ऐकलेलं नाही.

12 जूनला आमच्याकडे जेवण आहे, मुलं तो दिवस दरवर्षी साजरा करतात. विहीणबाई येणार आहेत. काकूंनाही मुला-सुनेसकट बोलावणार आहे. हे म्हणतात, नको. मी उद्या सकाळी फोन करते.