दहाची नोट

माझ्या चौकटीच्या उजव्या कोपऱ्यात सध्या दहाची नोट आहे. अर्धी आत, अर्धी बाहेर. काल संध्याकाळी शेजारच्या काकांनी ती तिथं घातली आणि शांतपणे म्हणाले, "फट आहे रे बाबा." तेव्हापासून डोकं तापलंय.

शिकाऊ सुतारांच्या स्पर्धेला पंधरा दिवस उरलेत. आमच्या मेस्तांची, म्हणजे सुतारकाम शिकवणाऱ्या गुरूंची, शेड पावसात गळते, म्हणून सराव काकांच्या सोप्यावर. जागेचं भाडं नाही, त्याऐवजी काका आहेत. पस्तीस वर्षं एका खात्यात फायलींवर शेरे मारून निवृत्त झाले. फायली संपल्या, शेरे शिल्लक आहेत. पहिल्याच दिवशी वेताची खुर्ची माझ्या बाकड्यासमोर ओढून म्हणाले, "टाइम मी लावतो. तू फक्त काम कर."

त्यांच्या टाइम लावण्याची पद्धत अशी. मोबाइलवर स्टॉपवॉच सुरू करायचं. मध्ये कुणाचा फोन आला की ते बंद पडतं, मग बोलणं झाल्यावर शून्यापासून पुन्हा सुरू. परवा मी कुसू, म्हणजे पट्टीच्या टोकाची भोकात बसणारी जीभ, कापत असताना म्हापशाहून त्यांच्या मेव्हण्याचा फोन आला. त्या हिशेबानं मी आख्खी चौकट अकरा मिनिटांत केली. जगात कुठलाही सुतार मला हरवू शकणार नाही.

स्पर्धेत काय असतं, हे काकांना मी तीनदा सांगितलं. हातात ड्रॉइंग देतात, मोजून लाकूड देतात, ठरलेले तास देतात. मग मापं, काटकोन, सांध्याची बसणी, पृष्ठभाग, सगळ्याचे वेगवेगळे मार्क. एक पट्टी चुकीची कापली तर दुसरी मागता येते, पण सहसा मार्क देऊन. मी सरावाला ४०० बाय ३०० मिलिमीटरची चौकट घेतली, ३६ मिलिमीटरच्या चौरस सागवानाची. हे माप मुद्दाम घेतलं. काटकोन बरोबर असेल तर बाहेरून मोजलेला कर्ण नेमका ५०० येतो, दोन्ही बाजूंनी. डोकं चालवायला नको, टेपच बोलते. शिवाय ३६ चा तिसरा हिस्सा १२, आणि १२ ची पटाशी माझ्याकडे आहे. भोकाची रुंदी आकड्यावरून नव्हे, हातातल्या पटाशीवरून ठरवायची. रेघा आखायच्या मॉर्टिस गेजचे दोन्ही खिळे तिच्या धारेवर टेकवून तिथंच घट्ट करायचे. बाजारात १२ म्हणून मिळालेली पटाशी प्रत्यक्षात ११.८ निघाली तर तो तिचा खासगी प्रश्न, कुसू तिच्याच मापाचं होतं.

त्या पटाशीची कथा सांगितली तर रडू येईल. पंचवीस अंशांवर घासून, तीस अंशांवर शेवटची धार, आधी १००० चा दगड, मग ६०००, मग चामड्यावर दहा फेऱ्या. मनगटावरचे केस निघतील इतकी. जेवायला गेलो तेवढ्यात काकांच्या पुतण्यानं त्याच पटाशीनं फेणीच्या बाटलीचं बूच काढलं. बूच मऊ असतं, बाटली नसते. धारेला बाजरीएवढा खांडा. तो घालवायला अख्खी धार खांड्याच्या मागपर्यंत घासत न्यावी लागते. एक तास. पुतण्याचं म्हणणं, "लोखंडच ना ते?"

तर नोट. काल भोकं दोन्ही बाजूंनी निम्मी निम्मी खोदून झाली होती. (एकाच बाजूनं आरपार मारलं की पलीकडे ढलपी उडते, आणि उडालेली ढलपी परत येत नाही.) कुसवाचे खांदे, म्हणजे त्याच्या बुडाशी दुसऱ्या पट्टीवर टेकणाऱ्या कडा, मार्किंग नाइफनं आखले होते. पेन्सिलची रेघ अर्धा मिलिमीटर जाड असते. तिच्या अलीकडून कापायचं, पलीकडून की मधून, या विचारातच सांधा ढिला होतो. सुरीची रेघ म्हणजे जागा ठरली, करवत तिच्या टाकाऊ अंगाला टेकवायची आणि शेवटचं पटाशीनं रेघेपर्यंत आणायचं. एकदा कोरडी जुळणी केली, चारही कोपरे बंद. कुसवांना गोंद लावला, क्लॅम्प बसवले, आणि पूर्ण आवळायच्या आधी कर्ण बघायला गेलो. एक ५०१, दुसरा ४९९. अशा वेळी लांब कर्णाच्या दिशेनं क्लॅम्प किंचित तिरका करून आवळतात, म्हणजे चौकट सरळ होते. मी तेच केलं. ५०० आणि ५००. मान वर केली तर कोपऱ्यात नोट.

"काका, हे काय?"

"तपासणी."

"आवळायच्या आधी घातलीत?"

"तू तिकडे टेप धरून होतास. म्हटलं, बघू तरी आत जाते का. गेली."

"ओ काका, क्लॅम्प आवळला नव्हता, तेव्हा फट असणारच! आणि फट मोजायला फीलर गेज असतं. पोलादाची पातळ पानं असतात, एकेकावर जाडी कोरलेली. कुठलं पान आत जातं त्यावर मार्क."

"नोटेची जाडी किती?"

"असेल मिलिमीटरचा दहावा हिस्सा."

"म्हणजे तुझ्या पानांपेक्षा माझी तपासणी कडक."

"तपासणी नाही ही! तुमची नोट मध्ये आहे म्हणून सांधा तेवढा उघडा राहिलाय. नोट नसती तर फट नसती!"

काकांनी चष्मा काढून पुसला. हे ते फाइल परत पाठवण्यापूर्वी करत असावेत. "असं बघ. फट नसती तर नोट कुठं असती?"

मी गप्प.

"आणि ही रिझर्व्ह बँकेची नोट आहे. हिच्यावर गव्हर्नरची सही आहे. तुझ्या त्या पानावर कोणाची सही आहे?"

इतक्यात काकू चहा घेऊन आल्या. त्यांना सगळा प्रकार सांगण्यात आला, काकांच्या बाजूनं. काकू वाकून बघत म्हणाल्या, "पण खिळा खंय मारला?" मी म्हटलं, खिळा नाही, काकू, हा कुसवाचा सांधा आहे. काकूंनी काकांकडे पाहिलं. "बघ, खिळा मारूंक ना, म्हणून फट."

काका मग उदार झाले. आत जाऊन शंभरची आणली आणि दुसऱ्या कोपऱ्याला लावून पाहिली. अडली. वहीत लिहिलं: "मोठ्या रकमेस अडथळा. फट मध्यम." वही आहे त्यांच्याकडे. माझ्या नावाची.

खरी फट पडायची असती तर हवेमुळे पडली असती, त्याबद्दल काकांना काही विचारायचं नव्हतं. भट्टीत वाळवलेल्या लाकडात ओलावा १२ टक्क्यांच्या आसपास असतो. आपल्याकडच्या आषाढात ते उघडं पडून राहिलं की हळूहळू चार-पाच टक्के आणखी पितं, आणि ३६ ची पट्टी आडव्या अंगानं पाव मिलिमीटर फुगते. लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणून भोक सोमवारी आणि कुसू गुरुवारी असं करायचं नाही, दोन्ही एका दिवसात. रात्री पट्ट्या प्लास्टिकमध्ये गुंडाळायच्या. मी गुंडाळत होतो. तिसऱ्या रात्री काकूंनी ते प्लास्टिक काढून जळणावर घातलं, कारण जळण भिजत होतं.

कधी कधी वाटतं, हे कशासाठी? साइटवर गेल्या दोन वर्षांत मी एकही डोव्हटेल, म्हणजे पारव्याच्या शेपटीसारखा पसरट सांधा, कापलेलं नाही. तिथं प्लायवूड, मायका, स्क्रू, आणि कडेला पट्टी चिकटवायची. गिऱ्हाईक विचारतं, किचन गुरुवारपर्यंत होईल का. सागाला डोव्हटेलचा उतार १ : ८ आणि पाइनसारख्या मऊ लाकडाला १ : ६, कारण मऊ लाकूड दबतं म्हणून त्याला जास्त पकड लागते, आणि कठीण लाकडात तेवढा उतार दिला तर टोकं तुटतात, हे कुठल्या गिऱ्हाइकाला सांगू? धंद्यात ज्याचे पैसे मिळत नाहीत त्याचीच स्पर्धा. त्यात हत्यारं स्वतःची आणायची, आणि चांगला रंधा घ्यायचा तर शिकाऊचं मानधन त्यात विरघळून जातं. वर वयाची अट. वर्ल्डस्किल्सपर्यंत, म्हणजे जागतिक कौशल्य स्पर्धेपर्यंत, जायचं म्हटलं तर त्या वर्षी बावीसच्या वर चालत नाही. मेस्त म्हणतात, बावीसाव्या वर्षी त्यांना रंध्याचं पातं सरळ बसवता येत नव्हतं.

त्या स्पर्धेचा इतिहास वाचून आणखी चिडचिड झाली. १९५० साली माद्रिदला पहिल्यांदा दोन देश उतरले, स्पेन आणि पोर्तुगाल, प्रत्येकाची बारा पोरं. पोर्तुगाल! आपल्याला 'मेस्त' हा शब्द त्यांनी दिला, म्हणजे मूळचा त्यांचा 'मेस्त्र', गुरू. शब्द इथं ठेवला आणि पोरं लिस्बनची नेली असणार. पुढे १२ डिसेंबर १९६१ ला भारताचा अप्रेंटिस कायदा आला, आणि १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला. सात दिवसांचा फरक. हे मी काकांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे कायद्याला आम्ही उशिरा रुजू झालो. सर्व्हिस बुकात दाखवलंय का?"

आज सकाळी क्लॅम्प काढले. आवळताना बाहेर आलेला गोंद नोटेत भिनून रात्रभरात सुकला होता. ओढली तर फाटणार. पटाशीनं सपाट कापतो म्हटलं तर काका खुर्चीतून उठले. "नोट कापतोस? सरकारी आहे ती."

मग चौकट उचलून उजेडात धरली, चारही बाजूंनी फिरवली. पहिल्यांदाच इतक्या नीट बघितली असेल.

"ही आता टाकून देणार?"

"सरावाचीच आहे."

"मग चतुर्थीला माटोळीला दे, गणपतीच्या वर फळं टांगायला. लहान आहे, पण आमचा गणपतीही लहानच. नारळ, सुपारीचा घोस, दोन तवशीं, पेलेल ना?"

पेलेल म्हटलं. कुसवाचा सांधा आहे, नारळांची पिशवी लटकवली तरी हलणार नाही. काका खुश झाले. आतून हातोडी आणली आणि चार इंचांचे चार खिळे.

"हूक नाहीत, तर खिळे मार. चारही कोपऱ्यांत, सांध्याच्या मधोमध. काकू म्हणतेच होती." मग वही उघडून माझ्या नावापुढे लिहिलं: येणे, रुपये दहा.