'ट्रक गेला आणि नोबेल मिळालं': त्या फॉरवर्डला उत्तर

इंदूरच्या आपल्या मराठी ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. म्हणणं असं: गुरुत्वीय लहरी (प्रचंड वस्तूंच्या हालचालीने अवकाशात उठणारे तरंग) म्हणजे थोतांड, इतकी सूक्ष्म हालचाल मोजताच येत नाही, 2015चा सिग्नल शास्त्रज्ञांनीच यंत्रात घातला होता आणि त्यावर नोबेल मिळवलं, लहर दिसली तीही एकदाच, त्यातून कळलं काहीच नाही, आणि आता हिंगोलीत तसंच यंत्र उभारायला 2600 कोटी मातीत जाणार, वर लेसरने भूकंप होणार ते वेगळंच.

'एबी रोडवरून ट्रक गेला तरी यंत्र हलेल.' हलेलच. म्हणून तर लायगोचे (लेसरने आरशांमधलं अंतर मोजून या लहरी पकडणाऱ्या अमेरिकेतल्या यंत्रणेचे) 40 किलोचे आरसे एकाखाली एक अशा चार लंबकांच्या साखळीला, काचेच्या बारीक तंतूंवर, निर्वात पोकळीत टांगलेत. शिवाय वेधशाळा दोन आहेत, एक लुईझियानात, दुसरी वॉशिंग्टन राज्यात, मध्ये 3000 किलोमीटर. 14 सप्टेंबर 2015ला दोन्हीकडे त्याच आकाराची लहर 7 मिलिसेकंदांच्या फरकाने उमटली. सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात तिची कंपनं 35 हर्ट्झवरून 250पर्यंत चढत गेली. असा ट्रक कुणी पाहिला असेल तर नंबर कळवा.

'सिग्नल स्वतःच घातला.' या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, आणि तेच जास्त चावतं. 16 सप्टेंबर 2010ला यंत्रात खरोखरच खोटा सिग्नल सोडला होता. मोजक्या लोकांनी, बाकीच्यांना न सांगता, ठरवून. सिग्नल बृहल्लुब्धक (मोठा कुत्रा) या तारकासमूहाच्या दिशेने आल्यासारखा दिसला म्हणून त्याचं नाव पडलं 'बिग डॉग'. शेकडो लोक महिनोन्‌महिने आकडेमोड करत बसले, शोधनिबंधही लिहून तयार केला, आणि मार्च 2011मध्ये सगळ्यांसमोर पाकीट उघडलं: आपली परीक्षा होती! निबंध बासनात गेला. हेतू एवढाच, की खरा सिग्नल आला तर ही मंडळी तो ओळखतील का, हे तपासावं. 2015मध्ये ती छुपी सोय चालूच नव्हती. तरीही पहिला संशय तोच आला. कुणी यंत्रणेत शिरून खोडसाळपणा केलाय का, याचीही चौकशी झाली. काही सापडलं नाही. फॉरवर्डवाल्याने 2010ची परीक्षा उचलून 2015च्या तारखेला चिकटवली आहे.

'कळलं काय?' सूर्याच्या 36 आणि 29 पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरं एकत्र आली, उरलं 62 पट. बाकीचे तीन सूर्य लहरींच्या रूपात निघून गेले. ताऱ्यांपासून झालेली इतकी वजनदार कृष्णविवरं तोवर कुणी पाहिली नव्हती. पहिल्या तीन निरीक्षण-फेऱ्यांतच अशा 90 घटना नोंदल्या गेल्या, तेव्हा 'एकदाच दिसलं' हेही खोटं.

सगळ्यात मोठं घबाड 17 ऑगस्ट 2017चं. 13 कोटी प्रकाशवर्षांवर दोन न्यूट्रॉन तारे (मेलेल्या ताऱ्यांचे अतिघन गाभे) आदळले. लहरी पोचल्या आणि 1.7 सेकंदांनी गॅमा किरणांचा, म्हणजे एक प्रकारच्या प्रकाशाचाच, झोत. एवढ्या प्रवासात दोघांत जेमतेम इतकंच अंतर, म्हणजे गुरुत्वाचा वेग प्रकाशाइतकाच, हे एका झटक्यात पक्कं झालं. त्या टकरीच्या उजेडात जड मूलद्रव्यं तयार होत असल्याच्या खुणा दिसल्या. आपल्या सराफ्यात (दिवसा हो, खाऊची दुकानं लागायच्या आधी) जे सोनं तोललं जातं, त्यातलं काही तरी अशाच टकरींतलं असणार.

राहिली हिंगोली. लेसर बंद नळीत आरशांमध्ये ये-जा करतो. जमिनीला त्याचा धक्का बसत नाही. 2600 कोटींना केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल 2023मध्ये मंजुरी दिली, आणि या कामात पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेबरोबर आणि गांधीनगरच्या प्लाझ्मा संस्थेबरोबर आपल्या कॅट रोडवरचं राजा रामण्णा केंद्रही आहे. आता ते कशाला, तर 2015ला दोन यंत्रांना उगमाची जागा आकाशाच्या सुमारे 600 चौरस अंशांच्या पट्ट्यात कुठेतरी, एवढीच सांगता आली होती. 2017ला इटलीची व्हर्गो ही तिसरी वेधशाळा जोडीला होती, तेव्हा तो पट्टा 30च्या आसपास आला आणि दुर्बिणींना काही तासांत नेमकी दीर्घिका सापडली. हिंगोलीचं यंत्र बाकीच्यांपासून हजारो किलोमीटर दूर असल्यामुळे हा पट्टा आणखी आवळता येईल.