खुलासा: कुवेतमध्ये संसद होती, पण सत्ता अमीरांकडेच (तिथल्या राजांकडेच)

‘कुवेत १९६२ पासून ब्रिटनसारखी घटनात्मक राजेशाही आहे,’ म्हणजे राजा नामधारी आणि खरी सत्ता संसदेकडे, हा फिरणारा दावा चुकीचा आहे. तिथे राज्यघटना आली, संसदेच्या ५० जागांची निवडणूकही होई. पण पंतप्रधान नेमतात अमीर. खरी मेख घटनेच्या कलम १०२ मध्ये आहे. संसद असताना एखाद्या मंत्र्यावर अविश्वास ठराव आणता येई, पंतप्रधानांवर नाही. ‘यांच्याबरोबर काम अशक्य’ एवढेच सभागृह ठरवू शके. मग पंतप्रधान बदलायचा की सभागृहच बरखास्त करायचे, हे अमीर ठरवत. शिवाय निवडून न आलेले मंत्रीही सभागृहात बसून कायद्यांवर मत देत! १९७६, १९८६ आणि मे २०२४ मध्ये तर सभागृह बरखास्त करून घटनेची काही कलमेच स्थगित झाली. ब्रिटनप्रमाणे पंतप्रधानाला सभागृहाचे बहुमत सक्तीचे करणे, ही तशा राजेशाहीकडे जाणारी पहिली पायरीच अजून बाकी आहे.