अंगावर पित्त उठतं ते 'फ्री रॅडिकल्स'मुळे, म्हणून गोळी बंद करा? अजिबात नका करू

सध्या फॅमिली ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, की अंगावर पित्त उठतं ते शरीरात साठलेल्या फ्री रॅडिकल्समुळे (म्हणजे कशाशीही चटकन रिॲक्ट होणारे अस्थिर रेणू), हिस्टामीन (ॲलर्जीत खाज-सूज आणणारं शरीरातलंच रसायन) हे विष आहे, सेटिरिझिन ही ॲलर्जीची गोळी रोग आत दाबते, ती सोडा आणि व्हिटॅमिन सीचा हाय डोस घ्या. माझ्या आईने तो वाचून गोळी सोडली आणि चौथ्या रात्री दोन वाजता पाठभर गांधी, वरचा ओठ सुजून टम्म. म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितेय.

आधी फ्री रॅडिकल्स. यात थोडं खरं आहे, म्हणूनच मेसेज पटतो. त्वचेत, नाकात, आतड्यात मास्ट सेल नावाच्या पेशी असतात, आत हिस्टामीनच्या बारीक पुड्या भरलेल्या. पेशीवर आयजीई नावाच्या अँटिबॉडीज (ॲलर्जी आणणारी वस्तू ओळखणारी प्रोटीन्स) बसलेल्या असतात, समजा कोळंबीतलं प्रोटीन येऊन त्यातल्या शेजारशेजारच्या दोघींना एकदम चिकटलं की आत सिग्नल सुरू होतो, कॅल्शियम शिरतं आणि पुड्या बाहेर रिकाम्या होतात. याच वेळी पेशी स्वतःच एका एन्झाइमने सुपरऑक्साइड हा फ्री रॅडिकल बनवते, त्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड होतं, आणि ते सिग्नल बंद करणाऱ्या एन्झाइम्सना थोडा वेळ गप्प बसवतं, म्हणून सिग्नल जोर धरतो. म्हणजे हा साठलेला कचरा नाहीये, पेशीने त्या क्षणापुरता बनवलेला निरोप आहे. आणि तोही सगळीकडे सारखा लागतो असं नाही, काही प्रयोगांत रॅडिकल्स अडवल्यावर हिस्टामीन कमी सुटलं, काहींत पुड्या तरीही फुटल्याच.

मग व्हिटॅमिन सी? प्रयोगशाळेत बशीतल्या पेशींवर औषध ओतणं वेगळं आणि गोळी गिळणं वेगळं. डोस वाढवला की आतडं त्यातलं कमीच शोषतं आणि रक्तातलं जास्तीचं लघवीतून जातं. मोठ्या माणसाला दिवसाला २ ग्रॅम ही वरची मर्यादा, त्यापुढे जुलाब, आणि ज्यांना आधी मुतखडा झालाय त्यांनी तर या वाटेला जाऊच नये.

हिस्टामीन विष नाही. पोटातलं ॲसिड त्याच्याच सांगण्यावरून सुटतं, मेंदूला जागं ठेवायचं कामही ते करतं, जुन्या ॲलर्जीच्या गोळ्यांनी झोप यायची ती त्यामुळेच.

आता 'रोग दाबते', ज्याचा मला सगळ्यात राग आलाय. सेटिरिझिन काही दाबत नाही, हिस्टामीन पेशीवर जिथे जाऊन बसतं ती जागा, म्हणजे एच-१ रिसेप्टर, अडवते, बस. सहा आठवड्यांहून जास्त चाललेल्या पित्तात बऱ्याचदा बाहेरची ॲलर्जी सापडतच नाही, अनेकांच्या स्वतःच्याच अँटिबॉडीज मास्ट सेलना डिवचत असतात, म्हणून फारशी झोप न आणणारी अशी गोळी रोज, नेमाने घेणं हाच पहिला उपचार, आणि गरज पडली तर डॉक्टर डोस चौपटीपर्यंत वाढवतात. आमसुलाचं पाणी आम्हीही लहानपणापासून चोळतोय, खाज उतरते, खुशाल चोळा, पण गोळीच्या जागी नाही. आणि जीभ-घसा सुजला, दम लागला तर गोळी घेऊन बघू म्हणत घरी थांबू नका, थेट कॅज्युअल्टी गाठा, तिथे ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शनच लागतं.

डॉक्टरांनी आईच्या हातावर पेनाची मागची बाजू ओढली, काही मिनिटांत दोरीसारखी रेघ टरारून वर आली. गोळी परत सुरू करून दोन आठवड्यांनी तोच पेन, तोच हात, फक्त फिकट लाल रेष आणि तीही चहा होईपर्यंत गेली.